विद्यापीठाचा लोकमहोत्सव: हवामान संशोधनाच्या स्टॉलवर लोक थांबतच नाहीत, काय करू?

गाळवाली

नमस्कार मंडळी. प्रश्न छोटा आहे, पाल्हाळ मोठं आहे, आधीच माफी मागते.

आमच्या विद्यापीठात वर्षातला एक रविवार लोकांसाठी असतो. सगळ्या विभागांची दारं उघडी, माणसं पोराबाळांसकट येतात. रसायनवाले धूर काढतात, खगोलवाले दुर्बिणीला गाळणी लावून सूर्यावरचे डाग दाखवतात, यंत्रमानववाल्यांकडे तर पाय ठेवायला जागा नसते. आणि एका कोपऱ्यात आम्ही, 'हवामान संशोधन गट'.

मी पीएचडीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. माझं काम समुद्रतळाच्या गाळावर. उत्तर अटलांटिकच्या तळातून काढलेला गाळाचा लांब दंडगोल, त्यातला एकेक सेंटिमीटर घेऊन धुवायचा, चाळायचा, आणि उरलेल्या रवाळ चुऱ्यातून फोरॅमिनिफेरा नावाच्या एकपेशीय जिवांची कवचं ओल्या कुंचल्याच्या टोकाने वेचायची. एका नमुन्यात निदान तीनशे. कुठल्या जातीची किती आहेत त्यावरून त्या काळी पाणी किती थंड होतं ते काढायचं. खोल समुद्रात हजार वर्षांत काही सेंटिमीटरच गाळ साचतो, त्यामुळे माझ्या बोटाच्या पेराएवढ्या चिखलात कित्येक शतकं बसलेली असतात. मला हे अजूनही भारी वाटतं. पण मला वाटून उपयोग काय?

गेल्या वर्षी आम्ही सहा पोस्टर लावले. त्यात अंटार्क्टिकाच्या बर्फावरून काढलेला ८ लाख वर्षांचा कार्बन डायऑक्साइडचा आलेख, माझ्या मते जगातल्या सगळ्यात देखण्या आलेखांपैकी एक. दिवसभरात आम्हाला सगळ्यात जास्त वेळा विचारला गेलेला प्रश्न: "स्वच्छतागृह कुठे आहे?" दुपारी मैत्रिणीने वैतागून कागदावर बाणच काढून लावला. त्या बाणाला पोस्टरांपेक्षा जास्त वाचक मिळाले.

एक आजोबा मात्र थांबले. आलेख नीट पाहिला आणि म्हणाले, "पृथ्वी आधीही तापलीच होती ना? तेव्हा कुठे होत्या गाड्या?" मी सुटलेच. पृथ्वीच्या कक्षेची चक्रं, समस्थानिकं (एकाच मूलद्रव्याचे हलके-जड अणू), फीडबॅक, सगळं पंधरा मिनिटांत ओतलं. त्यांनी शांतपणे ऐकलं, "बरं बरं, अभ्यास चालू ठेव बाळ" म्हणाले आणि गेले. ते 'बाळ' अजून टोचतंय.

यंदा आम्हाला तीन मीटरचं टेबल, एक प्लग आणि माझ्यासकट चार जणं मिळालीत. तीन आठवडे हातात आहेत. सर म्हणतात, बरण्यांचा प्रयोग करा: एका बरणीत साधी हवा, दुसरीत खाण्याचा सोडा आणि व्हिनेगरने केलेला कार्बन डायऑक्साइड, वर दिवा, आत थर्मामीटर. आम्ही तीनदा करून पाहिला. दोनदा जमला, एकदा कार्बनवालीच बरणी थंड राहिली. लोकांसमोर असं झालं तर?

कुणी असे स्टॉल केले असतील तर सांगा. लोक थांबतात कशाने?

उष्णतेचा_कारकून

बरणीचा प्रयोग करू नका. फसेल म्हणून नाही म्हणत. जमला तरी तो खोटा असतो म्हणून.

कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा जड. तो बरणीत बसून राहतो, बाहेरच्या हवेत सहज मिसळत नाही, त्यामुळे आतली उष्णता वर निघून जाण्याचा वेग कमी होतो. तापमानातला फरक मुख्यतः त्याचा असतो. २०१० साली काही भौतिकशास्त्रज्ञांनी हाच प्रयोग आर्गॉन (हवेपेक्षा जड असाच दुसरा वायू) भरून केला. आर्गॉन अवरक्त (डोळ्यांना न दिसणारे, उष्णतेचे) किरण शोषत नाही, तरी बरणी जवळजवळ तशीच तापली. उत्तर बरोबर, कारण चूक. कुणी चौकस मुलगी "मग आर्गॉन भरून बघू या का?" म्हणाली तर तुम्ही काय सांगणार?

(अवांतर: १८५६ साली युनिस फूट या अमेरिकन बाईंनी काचेच्या नळ्यांत वेगवेगळे वायू भरून उन्हात ठेवले होते. कार्बन डायऑक्साइडची नळी सगळ्यात जास्त तापली, आणि अशा वायूचं वातावरण पृथ्वीला जास्त तापमान देईल असं त्यांनी लिहून ठेवलं. नजर अफाटच. पण सूर्यप्रकाशाचा परिणाम कुठला आणि अवरक्ताचा कुठला, हे त्या मांडणीतून वेगळं काढता येत नव्हतं. ते मोजमाप १८५९ मध्ये जॉन टिंडल या भौतिकशास्त्रज्ञांनी सुरू केलं.)

विभागात थर्मल (उष्णता टिपणारा) कॅमेरा असेल तर हे करा. माणसाला हात काळ्या प्लास्टिकच्या पिशवीत घालायला सांगा. डोळ्यांना हात दिसत नाही, कॅमेऱ्याला बोटं न् बोटं दिसतात. मग त्याच हातासमोर खिडकीची साधी काच धरा. डोळ्यांना सगळं दिसतं, पडद्यावरून हात गायब, उलट काचेत पाहणाऱ्याचंच धूसर तापचित्र उमटतं. डोळ्यांना पारदर्शक असलेली गोष्ट उष्णतेला पारदर्शक असेलच असं नाही, हे कळायला दहा सेकंद लागतात. एक पथ्य पाळा: काच म्हणजे वातावरण, असं सांगू नका. आणि त्या कॅमेऱ्याने कार्बन डायऑक्साइड दिसेल असंही सांगू नका. नेहमीचे थर्मल कॅमेरे साधारण ८ ते १४ मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग) तरंगलांबीच्या किरणांत पाहतात. हा वायू ठळकपणे किरण शोषतो ते पट्टे ४.३ आणि १५ मायक्रॉनला आहेत, म्हणजे नेमके चौकटीबाहेर.

बाकावरचा

एवढं सगळं कशाला? लोक पोरांसाठी येतात. चक्र फिरवा, बिल्ला जिंका. गर्दी होईल.

गाळवाली

@उष्णतेचा_कारकून, आर्गॉनचं वाचून खुर्चीतच बसले. सरांना दाखवलं. ते दोन मिनिटं गप्प होते, मग "मी हा प्रयोग वर्षानुवर्षं दाखवतोय" एवढंच म्हणाले. कॅमेरा शेजारच्या विभागात आहे, मागते.

@बाकावरचा, चक्र आमच्या शेजारच्या स्टॉलने गेल्या वर्षी फिरवलं. गर्दी झाली हे खरं. पण पोरं बिल्ला घेऊन पळत होती, स्टॉल कशाचा होता ते त्यांच्या आईबापांनाही सांगता आलं नसतं.

दालन_क्रमांक_चार

मी विज्ञान संग्रहालयात दालनात उभं राहून समजावून सांगायचं काम एकोणतीस वर्षं केलं. तू विद्यार्थिनी दिसतेस, अगंतुगं केलं तर चालेल ना?

पहिली गोष्ट, टेबलाच्या मागे उभी राहू नकोस. टेबल मध्ये आलं की तू विक्रेती आणि समोरचा गिऱ्हाईक. गिऱ्हाईक नजर चुकवतं. टेबल भिंतीला लाव आणि त्यांच्या बाजूला ये.

दुसरी, "तुम्हाला माहीत आहे का?" हे वाक्य जिभेवर येऊ देऊ नकोस. माणसाला परीक्षेला बसवल्यासारखं होतं. आणि गंमत म्हणजे लोकांना 'माहिती' नकोच असते गं. माझ्या दालनात सुंदर चालती मॉडेलं होती, त्यांच्यासमोर लोक सरासरी किती वेळ थांबत ते सांगितलं तर मॉडेल करणारे रडतील. पण एकदा जीवाश्म साफ करणारा आमचा तंत्रज्ञ जागा नव्हती म्हणून दालनातच कोपऱ्यात बसून दाताच्या डॉक्टरसारखं टोकदार हत्यार घेऊन दगड कोरत बसला. त्याने पाटी लावली नव्हती, कुणाला बोलावलंही नव्हतं. त्याच्याभोवती दिवसभर कडं होतं. लोकांना काम बघायचं असतं. आणि तो "धरता का जरा?" म्हणाला की संपलंच, ते कुटुंब अर्धा तास हलत नसे.

तू रोज कुंचल्याने कवचं वेचतेस म्हणालीस. तेच टेबलावर का नाही?

तिसरी गोष्ट भाषेची. आपण "आज हवामान खराब आहे" म्हणतो आणि "हवामान बदल" पण म्हणतो. एकच शब्द. मग माणूस म्हणणारच, हवामान तर रोज बदलतं, त्यात नवल ते काय! तिथे व्याख्या सांगत बसू नकोस. 'आजची हवा' आणि 'तीस-तीस वर्षांची सरासरी' असं साधं बोल. शिवाय तुमचे ते शब्द, 'अनिश्चितता' म्हटलं की लोकांना ऐकू येतं 'यांना काही ठाऊक नाही', आणि 'पॉझिटिव्ह फीडबॅक' म्हटलं की वाटतं काहीतरी छान झालं. त्यापेक्षा म्हण, 'बर्फ वितळला की खालचं गडद पाणी उघडं पडतं, ते जास्त ऊन पितं, मग आणखी बर्फ वितळतो.'

आणि त्या आजोबांचं. त्यांनी तुला तुझ्या स्टॉलचं नाव दिलं होतं, तू त्यांना उत्तर देत बसलीस. यंदा फलकावर मोठ्या अक्षरांत लिही: "पृथ्वी आधीही तापली होती. आम्हाला कसं कळलं?"

गाळवाली

मावशी, चालेल काय, धावेल! फलकाचं वाचून मी लॅबमध्ये एकटीच हसले.

आणि त्यावरून सुचलेलं लिहिते, चुकत असेन तर ओरडा. आमच्या नमुन्यांत एक जात आहे, निओग्लोबोक्वाड्रिना पॅकिडर्मा. नाव विसरा. तिचं कवच गोगलगायीसारखं वळत जातं, आणि ध्रुवाकडच्या थंडगार पाण्यात ते डावीकडे वळलेलं असतं. तिची जवळची भावंड जात, जी पूर्वी याच नावाखाली मोजायचे, ती जरा उबदार पाण्यात असते आणि उजवीकडे वळते. म्हणजे नुसतं 'डावं की उजवं' एवढं मोजलं तरी पाणी थंड होतं का ते कळतं. समस्थानिकं नकोत, आलेख नको.

तर सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायच्या, कवचं चिकटवलेल्या दोन पट्ट्या: 'अ' आणि 'ब'. एक गाळाच्या अगदी वरच्या थरातली, दुसरी हिमयुगाच्या ऐन भरातली, सुमारे २१ हजार वर्षांपूर्वीची. कुठली कुठली ते सांगायचं नाही. लोकांनी सूक्ष्मदर्शकातून बघायचं, मोजायचं आणि निकाल द्यायचा.

एक अडचण काल रात्रीच कळली. कवच पालथं पडलं की डावं उजवं दिसतं! भावाला बसवून चाचणी घेतली, त्याने हिमयुग चक्क उबदार ठरवलं. म्हणजे प्रत्येक कवच एकाच कुशीवर डिंकाने चिकटवावं लागणार. कवच मिठाच्या बारीक कणाएवढं. चार रात्री गेल्या समजा.

नोंदवही

फार छान. फक्त एक भर. लोकांनी मोजलेलं फेकून देऊ नका. फळ्यावर टिंबं लावा, डाव्याचा स्तंभ, उजव्याचा स्तंभ, दिवसभर वाढू दे.

हे स्वानुभवातून सांगतोय. २०२० च्या मार्चमध्ये, घरात कोंडलेलो असताना, ब्रिटनमधल्या रेडिंग विद्यापीठाच्या एड हॉकिन्स यांनी पावसाच्या जुन्या हस्तलिखित नोंदी टंकायला लोकांना हाक दिली होती, 'रेनफॉल रेस्क्यू' नावाने. (तापमानाच्या निळ्या-लाल पट्ट्यांचं चित्र लोकप्रिय करणारे तेच.) ६५ हजारांहून जास्त पानं होती. १६ हजार लोक जमले, त्यात मीही एक, आणि १६ दिवसांत ५० लाखांवर आकडे टंकून झाले. त्यामुळे तिथल्या अधिकृत मासिक पर्जन्यमालिकेची सुरुवात १८६२ वरून १८३६ वर गेली. मी काही शास्त्रज्ञ नाही, हिशेब तपासनीस आहे. पण कुणीतरी दीडशे वर्षांपूर्वी रोज सकाळी उठून पर्जन्यमापक बघून लिहिलेलं अक्षर मी वाचत होतो, एके ठिकाणी शेऱ्यात मापक गळत असल्याचं लिहिलं होतं. त्या दिवसापासून 'ही आकडेवारी बनवलेली असते' असं कुणी म्हटलं की मला हसू येतं. ऐकून माझं मत बदललं नसतं. हातांनी केलं म्हणून बदललं.

बाकावरचा

चला, माझी माघार. पण खरा प्रश्न अजून तसाच आहे. आजोबा पुन्हा आले, 'अ-ब' बघितलं आणि म्हणाले, "म्हणजे मी म्हणत होतो तेच, आधीही तापली होती," तर?

उष्णतेचा_कारकून

तर म्हणायचं, "हो आजोबा, बरोबर." आणि मग वेगाबद्दल बोलायचं.

त्या हिमयुगाच्या भरात पृथ्वीचं सरासरी तापमान उद्योगयुगाआधीच्या पातळीपेक्षा ५ ते ७ अंशांनी खाली होती. तिथून वर यायला हजारो वर्षं लागली. कार्बन डायऑक्साइड तेवढ्या काळात दहा लाख भागांत साधारण १८० वरून सुमारे २६५ वर गेला. उद्योगयुगाआधी तो २८० च्या आसपास होता. आता हवाई बेटांवरच्या मौना लोआ वेधशाळेची नोंद: १९५८ मध्ये चार्ल्स कीलिंग या अमेरिकन शास्त्रज्ञांनी मोजायला सुरुवात केली तेव्हा ३१५ च्या जवळपास, आज ४२० च्या वर. हिमयुग संपताना जेवढी वाढ झाली त्याहून जास्त वाढ एका माणसाच्या आयुष्यात. आजोबांच्याच! सालं आणि त्या त्या साली कार्बन डायऑक्साइड किती होता ते लिहिलेली एक लांब पट्टी करा, त्यांचं जन्मसाल विचारा आणि त्यावर बोट ठेवायला सांगा. (१९५८ च्या आधीचे जन्म असतील तर आकडे बर्फात अडकलेल्या जुन्या हवेच्या बुडबुड्यांवरून घ्यावे लागतील, तसं लिहा.)

प्रामाणिकपणा म्हणून: ग्रीनलंडमध्ये हिमयुगात काही दशकांतच मोठे चढउतार झालेले आहेत. कुणी जाणकार ते काढेल. ते सगळ्यात तीव्र उत्तर अटलांटिकच्या आसपास होते, साऱ्या पृथ्वीची सरासरी तेवढी उडी मारत नव्हती. माहीत असू द्या, आपणहून सुरू करू नका.

गाळवाली

मंडळी, झाला महोत्सव. काल झोपले ती आज दुपारी उठले. आठवतंय तसं लिहिते.

आधी फसलेलं. मैत्रिणीच्या हट्टापायी एक जास्तीचा प्रयोग ठेवला होता: ब्रोमोथायमॉल ब्लूच्या पाण्यात नळीने फुंकायचं, उच्छ्वासातल्या कार्बन डायऑक्साइडने निळं पाणी पिवळं होतं, त्यावरून समुद्राचं आम्लीकरण. पहिल्याच मुलाने फुंकण्याऐवजी ओढायला सुरुवात केली. नळी हिसकावली, आईने आमच्याकडे जे पाहिलं ते पाहिलं, आणि पेले टेबलाखाली गेले. तिथेच राहिले.

कॅमेरा आणि काच दारातच ठेवली होती, लोक थांबायचे त्याने. पोरं पिशवीत डोकी घालायला निघाली म्हणून पिशव्या मनगटाएवढ्या कापून ठेवल्या. पण थांबायचे ते तिथे, रेंगाळायचे सूक्ष्मदर्शकाशी. मावशी, तुम्ही म्हणालात तसंच. मी टेबलाच्या बाजूला बसून खरोखर वेचत होते, कुणाला हाक मारली नाही. एक बाई मागे उभ्या राहून बराच वेळ बघत होत्या. मग हळूच म्हणाल्या, "हे जिवंत होतं?" मी होय म्हटलं. "आणि ह्याला ठाऊक होतं पाणी गार आहे ते?" मला उत्तर सुचेना. तिसऱ्या वर्षाला असून मी असा विचार कधी केला नव्हता. म्हटलं, ठाऊक नव्हतं, पण जे पाणी मानवलं तिथेच हे वाढलं.

सगळ्यात जास्त गाजली ती अशी गोष्ट, जी आम्ही आखलीच नव्हती. दोन बहिणी, मोठी असेल बारा-तेराची, एका मोडक्या कवचावरून भांडायला लागल्या. "डावं." "अगं उजवं, दिसत नाही का?" मी बघितलं. खरंच सांगता येत नव्हतं. तसं म्हणाले तर धाकटी म्हणाली, "मग त्याचा वेगळा खांब काढा ना." म्हणून फळ्यावर तिसरा स्तंभ आला: 'सांगता येत नाही'. त्यानंतर प्रत्येक जण आधी विचारायचा की यात कधी टाकायचं. चाळिशीतले गृहस्थ वाद घालायचे की अमुक कवच तिकडे टाकणं म्हणजे आळस आहे. संध्याकाळपर्यंत त्या स्तंभात थोडीच टिंबं होती, बाकी दोन्ही भरगच्च. 'अनिश्चितता' हा शब्द दिवसभरात कुणी उच्चारला नाही.

निकाल: लोकांनी 'ब' थंड ठरवला. बरोबर. आमच्या लॅबच्या मोजणीच्या बरंच जवळ.

जन्मसालाच्या पट्टीपाशी मात्र जरा शांतता पसरायची. एक आजी १९५८ च्या आधीच्या कोऱ्या भागात बोट ठेवून म्हणाल्या, "म्हणजे मी मोजायच्या आधीची." पट्टी करताना हे लक्षात यायला हवं होतं, @उष्णतेचा_कारकून यांनी सांगूनही मी तो भाग कोराच सोडला होता. तिथल्या तिथे पेनाने बर्फातले आकडे भरले.

"मग आम्ही काय करायचं?" हा प्रश्न साधारण दर तिसऱ्या माणसाने विचारला. मी तयारी केली होती, तरी नीट जमलं नाही. ऊर्जा कुठून येते तिथेच मोठा भाग आहे, ते एकट्यादुकट्याच्या हातात नाही, असं सांगायचे, आणि माझं मलाच ते सुटल्यासारखं वाटायचं. यावर कुणी वेगळा धागा काढेल का?

गेल्या वर्षीचे आजोबा आले नाहीत. मी दिवसभर अधूनमधून दाराकडे बघत होते, खोटं कशाला बोलू.

दालन_क्रमांक_चार

शाब्बास! तो तिसरा खांब पुढच्या वर्षी आधीपासून काढू नकोस हं. कोरा फळा ठेव, कुणीतरी मागेल.

बाकावरचा

स्वच्छतागृहाचा बाण लावला होता का यंदा?

गाळवाली

@बाकावरचा, लावला होता. पण बाण सूक्ष्मदर्शकाच्या अगदी वर लावला, म्हणजे वाचायला यावंच लागेल. त्यातली काही जणं रांगेत उभी राहिली. एक काका तर मोजणी संपवून मगच गेले, घाईघाईने.

अवांतर: पाचच्या सुमारास एका छोट्याला सूक्ष्मदर्शकावर वाकलेला असतानाच शिंक आली. पट्ट्यांवरची चिकटवलेली होती म्हणून वाचली, पण माझ्या वेचणीच्या काळ्या ताटलीतली दिवसभराची सगळी कवचं उडाली. उरलेल्या गाळातला नमुना होता, संशोधनाचं नुकसान नाही. पण आज सदऱ्याची बाही झटकली तर त्यातून दोन पडली. दोन्ही डावी.